पाय दुखत नाही, म्हणूनच तो रोज पाहायचा

मधुमेह आणि पायांची काळजी या विषयावर प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही केले होते. नाशिक शहरातून आणि निफाड, सिन्नर या भागांतून आलेल्या पत्रांत एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटले : ‘तसे दुखत काहीच नाही.’ लिहिणाऱ्यांनी ते स्वतःला धीर देण्यासाठी लिहिले असावे. मला मात्र त्या वाक्याचीच सर्वाधिक काळजी वाटली. ती का वाटली, हे पुढील उत्तरांत जागोजागी येईल. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ५८ असून ११ वर्षांपासून मधुमेह आहे. नवरात्रात मी नऊ दिवस अनवाणी राहते, पहाटे कालिका मातेच्या दर्शनाला चालत जाते आणि एक दिवस सप्तशृंग गडावर जाऊन येते. गेल्या वर्षी टाचेत काच शिरली होती. मला कळलेच नाही, चार दिवसांनी सुनेला दिसली. जखम भरली, पण मुलगा आता अनवाणी जाऊ देणार नाही म्हणतो. नेम मोडायचा जीव होत नाही. काही मार्ग आहे का? (पंचवटी)

उत्तर : काच चार दिवस आपल्या टाचेत राहिली आणि ती आपल्याला नव्हे, सूनबाईंना दिसली, या एका गोष्टीतच निदान जवळजवळ आलेले आहे. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की नसांना इजा होते. शरीरातील सर्वांत लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात, त्यामुळे बधिरपणा तेथून सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा हळूहळू घोट्याकडे सरकतो. संवेदनेच्या नसांबरोबर पावलातील लहान स्नायूंच्या नसाही दुबळ्या होतात. मग बोटे आकड्यासारखी वळतात, चवड्याखालची हाडे खाली टेकू लागतात आणि चालताना सारा भार दोन-तीन ठिकाणीच पडून तेथे घट्टे होतात. घामाच्या नसा निकामी झाल्या की कातडी कोरडी पडून भेगाळते. म्हणजे जखम होण्याची कारणे वाढत जातात आणि जखम झाल्याची वर्दी देणारी वेदना मात्र गैरहजर असते. मधुमेह असलेल्या दर १०० जणांपैकी १९ ते ३४ जणांना आयुष्यात केव्हा ना केव्हा पायाची जखम होते, असा अंदाज आहे. आणि ज्यांचा पाय पुढे कापावा लागतो, त्यांच्यातील बहुतेकांची सुरुवात अशाच एखाद्या क्षुल्लक वाटणाऱ्या जखमेने झालेली असते.

संवेदना किती शिल्लक आहे हे घरच्या घरीही पाहता येते. इंग्लंडमधील इप्सविच येथील रुग्णालयात तयार झालेली एक साधी पद्धत आहे. आपण डोळे मिटून निजावे आणि सूनबाईंनी दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट व करंगळी यांच्या टोकांना आपल्या तर्जनीने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करावा. दाबू नये, टोचू नये, घासू नये. स्पर्श झाला की आपण उजवा किंवा डावा असे सांगावे. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणचा स्पर्श कळला नाही, तर संरक्षक संवेदना, म्हणजे इजेची वर्दी देणारी जाणीव, कमी झाली आहे असे धरून डॉक्टरांकडे जावे. तेथे १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू आणि १२८ हर्ट्‌झचा नादकाटा वापरून हीच गोष्ट नेमकेपणाने तपासतात. या तपासणीला काही मिनिटे लागतात. तरीही ती वर्षातून एकदासुद्धा झाली नाही असे सांगणारे रुग्ण रोज भेटतात, याचे मला वाईट वाटते. त्यात आम्हा डॉक्टरांचाही दोष आहे.

आता आपला नेम. संवेदना गेलेल्या पायाने अनवाणी चालू नये, घरातही नाही, हे मी कोणतीही सूट न ठेवता सांगेन. काच आणि काटा एकवेळ दिसतो तरी. दुपारी तापलेली दगडी फरशी दिसत नाही. रामकुंडाच्या घाटावर किंवा मंदिराच्या आवारात निरोगी माणूस चटका बसताच उड्या मारत सावलीत पळतो, तर बधिर पायाचा माणूस शांतपणे रांगेत उभा राहतो आणि संध्याकाळी तळव्यावर फोड पाहून चकित होतो. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा अनवाणी करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. तेथे ओल, अंधार आणि खडे यांची भर असते.

मार्ग मात्र आहे. गडावर जाताना पायऱ्यांऐवजी २०१८ पासून सुरू झालेल्या फ्युनिक्युलर ट्रॉलीने जावे. चप्पल जेथे काढणे अनिवार्य आहे तेथपर्यंत ती पायात ठेवावी, आत जाड, स्वच्छ, पांढरे सुती मोजे घालावेत, म्हणजे रक्त आले तर लगेच दिसेल. दर्शन उन्हाआधी घ्यावे आणि परतल्याबरोबर तळवे कोणाकडून तरी पाहून घ्यावेत. नऊ दिवसांचा उपवासही असेल तर गोळ्यांच्या किंवा इन्सुलिनच्या मात्रेविषयी आधी विचारून घ्यावे, हे जाता जाता सांगतो. नेमाला दुसरे कोणते रूप द्यायचे हा आपला आणि देवीचा प्रश्न आहे; त्यात मी पडत नाही. मुलाचे म्हणणे मात्र योग्य आहे.

प्रश्न : माझी द्राक्षबाग आहे. दिवसभर बागेत असतो, टाचांना खोल भेगा आहेत आणि उजव्या तळव्याला कुरूप आहे. घरात भेगांना बिब्बा घालतात व कोकमाचे तेल कढवून भरतात. कुरूपाला रुईचा चीक लावतो. आठ वर्षांपासून शुगर आहे. हे उपाय चालू ठेवावेत का? (निफाड तालुका)

उत्तर : बिब्बा आणि रुईचा चीक आजच बंद करावा. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते; ज्याच्या पायाला संवेदना आहे तो आग होताच पुसून टाकतो, पण बधिर पायात ते तेल कातडीखाली मुरेपर्यंत कळत नाही. बाजारात मिळणाऱ्या कुरूपाच्या पट्ट्यांमध्ये कातडी विरघळवणारे सॅलिसिलिक आम्ल असते, म्हणून त्याही आपल्यासाठी नाहीत. कोकमाच्या तेलाशी माझे भांडण नाही, ते कढवून ओतण्याशी आहे. गार झालेले तेल, व्हॅसलीन किंवा युरिया असलेले मलम रात्री टाचांना चोळावे. बोटांच्या बेचक्यांत मात्र काहीही लावू नये, कारण तेथे ओल राहिली की चिखल्या होतात आणि बुरशीने फाटलेल्या कातडीतून जंतू सहज आत शिरतात. पावसाळ्यात बागेतून आल्यावर पाय धुऊन प्रत्येक बेचके मऊ फडक्याने टिपणे हे काम आपल्यासाठी औषधाइतकेच महत्त्वाचे आहे.

कुरूप किंवा घट्टा ब्लेडने, वस्तऱ्याने किंवा खरखरीत वजरीने घरी काढू नये. बधिर तळव्यावरील घट्टा हा आतल्या हाडाचा दाब कोठे पडतो आहे याची खूण असते, आणि पुष्कळदा त्याच्या खाली जखम आधीच तयार असते. आमच्याकडे घट्टा तासताना खालून पू निघतो आणि रुग्ण म्हणतो, ‘मला तर फक्त कडक लागत होते.’ घट्टा तासून घेतला तरी दाब हटवला नाही तर तो महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा येतो, म्हणून पादत्राणाचा विचार त्याच वेळी व्हायला हवा.

एप्रिलची खरड छाटणी असो की ऑक्टोबरची गोडी छाटणी, बागेत तुटक्या काड्या आणि तारेचे तुकडे पडलेले असतात. चप्पल पुरेशी नाही. पूर्ण बंद, जाड तळाचा बूट घालावा. फवारणीचे गमबूट घालण्यापूर्वी उलटे करून झटकावेत आणि आत हात घालून चाचपावे. आणखी एक गोष्ट पत्रात कोणी लिहीत नाही, पण घडते : शेतातल्या खोलीत किंवा जमिनीवर झोपणाऱ्यांच्या बधिर बोटांना रात्री उंदीर कुरतडतात आणि सकाळी अंथरुणावर रक्त दिसेपर्यंत पत्ता लागत नाही. खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपावे.

प्रश्न : रोज रात्री गरम पाण्यात मीठ घालून पाय बुडवून बसल्याने बरे वाटते. थंडीत पाय शेकोटीजवळ धरतो. चालेल का? (निफाड)

उत्तर : नाही. बुडवून ठेवलेली कातडी आधी फुगते आणि नंतर अधिक कोरडी पडते. पाय कोमट पाण्याने, ३७ अंशांहून गरम नसलेल्या, धुऊन लगेच पुसावेत. पाण्याचा अंदाज पायाने न घेता कोपराने घ्यावा किंवा घरच्यांना घ्यायला सांगावे. आपल्याकडची थंडी कडक आहे हे मान्य, पण शेकोटी, गरम पाण्याची पिशवी आणि हीटर यांऐवजी लोकरी मोजे घालावेत. पायांत जळजळ होते म्हणून आपण हे करत असाल तर त्यासाठी प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन यांसारखी औषधे डॉक्टर देतात. त्यांनी जळजळ कमी होते, गेलेली संवेदना परत येत नाही. जळजळणारा पाय बधिर नसतो हा समजही चुकीचा आहे. एकाच पायात दोन्ही असू शकतात. मेटफॉर्मिनची गोळी अनेक वर्षे सुरू असल्यास जीवनसत्त्व बी-१२ तपासून घ्यावे, कारण त्याच्या कमतरतेनेही नसा बिघडतात आणि ती भरून काढता येते.

प्रश्न : मी सातपूरच्या कारखान्यात काम करतो. आठ तास सेफ्टी शूज, घरी अंगठ्याची रबरी चप्पल. मधुमेहींसाठीची म्हणून विकली जाणारी पादत्राणे महाग आहेत. ती घेतलीच पाहिजेत का? (सातपूर)

उत्तर : संवेदना आणि रक्तपुरवठा शाबूत असेल, पायाचा आकार बदललेला नसेल, तर मापाचे कोणतेही चांगले पादत्राण चालते, नावावर पैसे घालवू नयेत. संवेदना गेली असेल तर मात्र मागे पट्टा असलेली, वेल्क्रोने सैल-घट्ट करता येणारी, टणक तळ आणि आत मऊ थर असलेली पादत्राणे हवीत. आपल्या देशात यासाठी मायक्रोसेल्युलर रबर, म्हणजे बोलीत एमसीआर, वापरतात. हे रबर मुळात कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी वापरात आले, आणि बधिर पाय कुष्ठरोगाने झाला की मधुमेहाने, याने चपलेला फरक पडत नाही. अशी चप्पल फार महाग नसते. अंगठ्याची चप्पल मात्र टाळावी : ती अंगठ्याच्या बेचक्यात कापते आणि बधिर पायातून केव्हा निसटली ते कळतही नाही.

मापाविषयी एक विचित्र गोष्ट लक्षात ठेवावी. संवेदना कमी झालेल्या माणसाला सैल बूट ‘नीट बसत नाही’ असे वाटते आणि करकचून बसणारा बूट बरा वाटतो, कारण तेवढाच त्याला जाणवतो. म्हणून मापाचा निर्णय पायाच्या जाणिवेवर सोडू नये. कागदावर उभे राहून पावलाची कड काढावी, ती आकृती कापून बुटात सरकवावी. कागदाची कड दुमडली तर बूट अरुंद आहे. सर्वांत लांब बोटापुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा असावी आणि खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसअखेर पाय थोडे सुजलेले असतात. नवा जोड पहिले काही दिवस तास-दोन तासच घालून नंतर पाय पाहावा. सेफ्टी शूजच्या पुढच्या लोखंडी टोपीला बोटे घासत असतील तर कंपनीकडून रुंद माप मागून घ्यावे. जेवणाच्या सुट्टीत मोजे बदलावेत.

प्रश्न : माझे वय ५२. दोन महिन्यांपूर्वी डावे पाऊल अचानक सुजले, लाल आणि गरम झाले. दुखणे नगण्य. एका दवाखान्यात युरिक ॲसिड सांगून गोळ्या दिल्या, दुसरीकडे जंतुसंसर्ग म्हणून दहा दिवस प्रतिजैविके झाली, एक्स-रे नॉर्मल म्हणाले. सूज कायम आहे आणि आता पावलाची कमान बसल्यासारखी वाटते. मी रोज कामावर जातो. (नाशिक रोड)

उत्तर : पत्र वाचून निदान करू नये हा नियम मी पाळतो, पण आपल्याला थांबायला सांगणे भाग आहे : आजपासून या पायावर भार टाकू नका आणि मधुमेही पायांचे काम करणाऱ्या तज्ज्ञाला किंवा अस्थिरोगतज्ज्ञाला तातडीने दाखवा. आपण वर्णन केलेले चित्र शार्को पायाचे असू शकते. फ्रेंच मज्जातज्ज्ञ झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये संवेदना गेलेल्या रुग्णांतील सांध्यांचा असा नाश वर्णिला; तेव्हा ते रुग्ण उपदंशाचे होते, मधुमेहाशी त्याचा संबंध १९३६ मध्ये नोंदला गेला. आज मधुमेह हे त्याचे मुख्य कारण आहे.

यात घडते ते असे. बधिर पावलात एखादा मुरगळा किंवा बारीक अस्थिभंग होतो, आपण चालत राहतो, दाह वाढतो, दाहामुळे हाडे ठिसूळ होतात आणि ठिसूळ हाडांवर पुन्हा चालणे सुरूच असते. काही आठवड्यांत मधल्या पावलाचे सांधे सरकतात, कमान कोसळते आणि तळवा होडीच्या बुडासारखा फुगीर होतो. त्या फुगवट्यावर पुढे जखम होते. सुरुवातीचा एक्स-रे अगदी नॉर्मल असू शकतो, म्हणून शंका असल्यास एमआरआय करतात. कातडीवर कोठेही जखम नसताना, ताप नसताना, दुसऱ्या पायापेक्षा दोन अंशांहून अधिक गरम असलेले पाऊल हे सिद्ध होईपर्यंत शार्कोच मानावे, असे आम्ही शिकाऊ डॉक्टरांना सांगतो. निजून पाय काही मिनिटे उंच ठेवल्यावर लाली उतरली तर संशय बळावतो. जंतुसंसर्गाची लाली सहसा अशी उतरत नाही.

उपचार गोळीत नाही. गुडघ्याखालपर्यंत, तळव्याला सर्वत्र सारखे चिकटून बसणारे प्लास्टर घालून पाऊल स्थिर करतात आणि ते वरचेवर बदलतात. दोन्ही पावलांचे तापमान सारखे होईपर्यंत हे चालते. त्याला तीन ते सहा महिने, कधी त्याहून अधिक लागतात. इतके महिने कामावरून रजा कशी मिळणार, हा आपला पुढचा प्रश्न असेल याची मला कल्पना आहे. बसून करण्याचे काम मागून पाहावे. प्रमाणपत्र देताना डॉक्टरांनी ‘सूज’ असे न लिहिता अस्थिभंगाचा धोका स्पष्ट लिहावा, असा आग्रह धरावा. या टप्प्यावर पाऊल सावरले तर त्याचा आकार बराचसा टिकतो.

प्रश्न : वडिलांचे वय ६७, मधुमेह आणि बिडीचे व्यसन. तीन आठवड्यांपासून अंगठा काळा पडला आहे. एका डॉक्टरांनी गुडघ्याखालून पाय काढायला सांगितला, दुसऱ्यांनी रोज ड्रेसिंग करू म्हटले. कोणाचे ऐकावे? (सिन्नर)

उत्तर : दोघांनाही एकच प्रश्न विचारावा : पायाला रक्त किती पोहोचते आहे, आणि ते वाढवता येईल का? याचे उत्तर हाती नसताना कापणेही अपुऱ्या माहितीवर होते आणि ड्रेसिंगही. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब यांचे गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी असेल तर धमन्या अरुंद झाल्या आहेत असे समजतात. मधुमेहींच्या धमन्यांत चुना साचून त्या कडक होतात, त्यामुळे हा आकडा फसवा, वाजवीपेक्षा जास्त येऊ शकतो. तेव्हा अंगठ्याचा रक्तदाब आणि डॉप्लर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहण्याची तपासणी, पाहावे लागते. अडथळा सापडल्यास अँजिओप्लास्टी किंवा बायपास करून रक्तपुरवठा सुधारता येतो आणि मग कापावे लागलेच तर अंगठ्यापुरते भागू शकते. अँजिओग्राफीचे, म्हणजे धमन्यांचे चित्र घेण्यासाठीचे, औषध देण्यापूर्वी मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी.

अंगठा कोरडा, आक्रसलेला, गंध नसलेला असेल तर या तपासण्यांना काही दिवस मिळतात. तो ओला असेल, घाण वास येत असेल, पू किंवा वर चढणारी लाली असेल, ताप असेल, अथवा कारण नसताना साखर एकाएकी वाढली असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. सोमवारची वाट पाहू नये. अशा वेळी तातडीने कापण्याचा सल्ला देणारा डॉक्टर जीव वाचवत असतो, हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे.

ड्रेसिंगबद्दल माझी जुनी तक्रार आहे. जखम रोज बांधली जाते, आणि रुग्ण त्याच पायावर चालत बांधायला येतो. पायावरचा भार काढला नाही तर महागातले मलमही जखम भरून आणत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड, हळद, कात-चुना, तंबाखू यांपैकी काहीही जखमेत घालू नये. बिडी पूर्ण बंद हवी. कमी करून उपयोग नाही. आईंना मिश्रीची सवय असेल आणि त्यांनाही मधुमेह असेल तर त्यांनाही हेच सांगावे, कारण तंबाखू दाताला लावली म्हणून ती धमन्यांना सोडत नाही.

जखम भरल्यावरही दुर्लक्ष होता कामा नये. भरलेल्या जखमांपैकी सुमारे ४० टक्के वर्षभरात आणि ६५ टक्के पाच वर्षांत पुन्हा होतात, म्हणून वडिलांसारख्या रुग्णाने दर एक ते तीन महिन्यांनी पाय दाखवायला हवा. धोका नसलेल्या मधुमेहीला वर्षातून एकदा पुरते.

प्रश्न : आईच्या पायातील जोडवी घट्ट बसली आहेत, बोट थोडे सुजले आहे. ती काढू देत नाही. (जुने नाशिक)

उत्तर : जोडव्याखाली गोल जखम झालेल्या मधुमेही स्त्रिया मी पाहिल्या आहेत, बोटाला सूज आली की कडे आत रुतते आणि बधिर बोट गप्प राहते. साबण लावून ओढाताण करू नये. डॉक्टरांकडे कडे कापण्याचे साधन असते, दोन मिनिटांत निघते. ते लगेच काढून घ्यावे आणि खाली कातडी फाटलेली असेल तर त्याच वेळी दाखवावी. सूज पूर्ण उतरल्यावर आईंना हवी असल्यास उघड्या तोंडाची, सहज फिरणारी, चांदीची जोडवी दिवसा घालावीत आणि रात्री काढून बोट पाहावे.